पित्ताशयाची रांग, आईचे गुडघे आणि तीन देश

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ४२ वर्षांच्या आहेत. नवरा आणि बारा वर्षांच्या मुलीसह इंग्लंडच्या मिडलँड्स भागात राहतात. तिघांकडेही आता ब्रिटिश पासपोर्ट आहे. गेल्या वर्षी त्यांचं पोट दुखायला लागलं. जीपीसाठी, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरसाठी, सकाळी आठला फोन लावला की ‘तुम्ही रांगेत सतराव्या आहात’ असं ऐकू यायचं. पुढे सोनोग्राफी झाली, पित्ताशयात खडे निघाले, ऑपरेशनच्या यादीत नाव लागलं. त्याला सात महिने झाले. दिवाळीत सांगलीला माहेरी गेल्या असताना पुन्हा दुखलं, तर दुपारी सोनोग्राफी, संध्याकाळी सर्जन आणि ‘परवा करून टाकू’ असा निरोप. परतीचं तिकीट असल्यामुळे ते झालं नाही. आई ६८ वर्षांच्या, मधुमेही, गुडघे झिजलेले, वडील गेल्यापासून एकट्या. न्यू जर्सीतला मोठा भाऊ म्हणतो, दर्जा बघायचा तर अमेरिकेतच. नवरा म्हणतो, सगळं आवरून पुण्याला जाऊ. पत्राच्या शेवटी त्या विचारतात: ‘तीन देशांपैकी कुठली आरोग्यव्यवस्था चांगली, ते एकदा स्पष्ट सांगा, म्हणजे आम्हाला ठरवता येईल. आणि आईला इकडे आणावं का?’ (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.)

ताई,

आधी पोटाचं बोलू. ते थांबणारं नाही. पोटात कळ येऊन ती काही तासांत उतरली नाही, सोबत ताप किंवा थंडी वाजली, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर ऑपरेशनची तारीख बघत बसू नका. त्याच दिवशी तिथल्या हॉस्पिटलच्या अपघात व तातडीच्या विभागात जा. तिथे नोंदीतला क्रम लागत नाही. पित्ताशयाला तीव्र सूज आली असेल तर निदानापासून एका आठवड्याच्या आत ऑपरेशन करावं, असं ब्रिटनच्याच वैद्यकीय मार्गदर्शक सूचना सांगतात. ‘यादीत नाव आहे ना, मग थांबायचं’ असं समजून घरी दुखणं अंगावर काढणारे आपले बरेच लोक असतात. तुम्ही त्यांतल्या होऊ नका.

आता तुमचा प्रश्न. तीन देशांना गुण देऊन क्रम लावणं अवघड नाही, असे क्रम लावलेलेही आहेत. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली १९५ देशांची तुलना आली होती. वेळेवर उपचार मिळाले तर जे मृत्यू टळतात, त्यांवरून आरोग्यसेवा किती मिळते आणि किती चांगली मिळते हे मोजलं होतं. त्यात ब्रिटन २३ वा, अमेरिका २९ वी आणि भारत १४५ वा होता. कॉमनवेल्थ फंड या अमेरिकेतल्याच संस्थेने २०२४ मध्ये दहा श्रीमंत देशांची तुलना केली. त्यात ब्रिटन तिसरा आणि अमेरिका शेवटची, दहावी.

पण हे वाचून तुमचा निर्णय झाला का? नसणार. कारण सांगलीत तुम्हाला एका दुपारी जे मिळालं ते १४५ व्या क्रमांकाच्या देशात मिळालं, आणि सात महिने जे मिळालं नाही ते २३ व्या क्रमांकाच्या देशात. दोन्ही खरं आहे. सरासरी ही सगळ्यांची मिळून असते. तुमच्या आई सांगलीत राहतात, शेजारी मिरज आहे, जिथे १८९४ साली मिशन हॉस्पिटल सुरू झालं, १९६२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि उत्तर कर्नाटकातून माणसं उपचाराला येतात. त्याच जिल्ह्यात जतच्या एखाद्या वाडीवर राहणाऱ्या बाईला सोनोग्राफीसाठी आख्खा दिवस आणि मजुरी घालवावी लागते. त्याच अभ्यासात भारतातल्या राज्यांची वेगळी मोजणी होती. केरळ आणि गोवा सर्वांत वर, आसाम आणि उत्तर प्रदेश तळाला, आणि मधलं अंतर दोन वेगळ्या देशांइतकं.

म्हणून मी तुमचा प्रश्न थोडा बदलून घेते. कुठला देश चांगला, याऐवजी असं विचारा: आजार कुठला, माणसाचं वय काय, पैसे कोण भरणार आणि दवाखान्यात धावपळ कोण करणार. ही चार उत्तरं हातात आली की देशांचा क्रम दर वेळी वेगळा लागतो.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. जिथे लवकर होतं तिथे चांगलं होतं, असं. लवकर होणं मोठी गोष्ट आहे, दुखणाऱ्या माणसाला तर तीच सर्वांत मोठी. पण सांगलीत तुमचा नंबर लवकर लागला तो कशामुळे, हे बघा. तुमच्याकडे रोख पैसे होते, दादांच्या ओळखीचे डॉक्टर असतील, रिक्षा करून नेणारं कोणीतरी होतं. ब्रिटनमधली रांग गरजेनुसार लागते, आणि खड्यांचं दुखणं त्या हिशेबात मागे पडतं, कारण त्याने सहसा जीव जात नाही. याचा अर्थ ती रांग योग्य आहे असा मुळीच नाही. वाट पाहणाऱ्यांपैकी ९२ टक्के लोकांची प्रतीक्षा १८ आठवड्यांच्या आत असावी हे एनएचएसचं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, स्वतःचंच मानक आहे. २०१६ नंतर ते पाळलं गेलेलं नाही, आणि गेली काही वर्षं यादी सत्तर लाखांच्या वर आहे. तुमचा संताप रास्त आहे.

भारतात रांग नाही असं आपण म्हणतो, पण ती असते. फक्त ती दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचतच नाही. मी बरीच वर्षं पुण्यात एका धर्मादाय रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम केलं. आमच्या टेबलासमोर बसलेली माणसं आठवतात. एक इंदापूरकडचा मुलगा वडिलांच्या पोटाच्या ऑपरेशनसाठी आला होता. डिपॉझिटच्या काउंटरवर आकडा सांगितल्यावर त्याने पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली, त्यात बायकोचं मंगळसूत्र आणि सोनाराची पावती. वडिलांचं दुखणं दोन वर्षांचं होतं. त्या दोन वर्षांना कुठल्याही सरकारी कागदावर ‘प्रतीक्षा यादी’ म्हणत नाहीत. तुम्हाला मिळालेली सोनोग्राफी आणि त्याच्या वडिलांची दोन वर्षं, दोन्ही याच राज्यातली.

भारतात एकूण आरोग्यखर्चातला किती भाग लोक स्वतःच्या खिशातून भरतात, याची सरकारी आकडेवारी आहे. २०१३-१४ मध्ये तो ६४ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे, मी ती नाकारत नाही. तरीही शंभरातले एकोणचाळीस रुपये आजारी घराच्या खिशातून जातात, तेही आजार आल्यावर.

दर्जाची एक बाजू यादीत आणि बिलात दिसत नाही, ती काही वर्षांनी दिसते. स्तनाच्या कर्करोगाचं निदान झाल्यावर पाच वर्षांनी किती बायका जगत होत्या, याची जगभरातली तुलना झाली आहे. २०१० ते २०१४ या काळात निदान झालेल्यांपैकी अमेरिकेत शंभरात सुमारे ९०, ब्रिटनमध्ये ८६, आणि भारतात जिथे नोंदी होत्या तिथे ६६. इथे दादांचा मुद्दा खरा ठरतो. वेळेत शोधणं आणि नवे उपचार देणं यांत अमेरिका पुढे आहे. कॉमनवेल्थ फंडाच्या ज्या तुलनेत ती एकूण दहावी आली, त्याच तुलनेत प्रत्यक्ष उपचाराच्या पद्धतीत तिचा क्रमांक दुसरा होता. दादांना चांगली नोकरी आहे, कंपनीचा विमा आहे, त्यांना जे दिसतं ते ते सांगतात.

पण त्यांना एवढं जरूर विचारा: वर्षाला विमा सुरू होण्याआधी स्वतःच्या खिशातून किती डॉलर भरावे लागतात, आणि नोकरी गेली तर पुढच्या महिन्यात घराचं काय? अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्च करते, ब्रिटन साधारण ११. तरी २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे २ कोटी ६० लाख लोकांकडे कसलाच विमा नव्हता. तिथे १९८६ च्या कायद्यानुसार तातडीच्या विभागात आलेल्याला तपासून स्थिर करावंच लागतं, पैसे असोत नसोत. बिल मात्र नंतर घरी येतं. तुम्ही अमेरिकेला जायचं म्हणत नाही आहात, म्हणून यावर इतकंच.

ब्रिटनने तुम्हाला काय दिलं आहे, ते रांगेच्या रागात पत्रातून सुटलं आहे. १९४८ पासून ती व्यवस्था पैसे न विचारता दार उघडते. उद्या तुमच्या मुलीला अपघात झाला, देव न करो, तर महिनाभर अतिदक्षता विभागात ठेवूनही घर विकायची वेळ येत नाही. इंग्लंडमध्ये चाळिशीनंतर दर पाच वर्षांनी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासायला बोलावतात. पंचविशीपासून गर्भाशयमुखाच्या तपासणीचं पत्र येतं, पन्नाशीनंतर मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीचं. ती पत्रं फ्रिजवर लावून ठेवा आणि जाऊन या. तुमच्या आईंना आजवर असं एखादं पत्र आलं आहे का? आपल्याकडे दुखल्याशिवाय कोणी बोलावत नाही. बोलावतात ते ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजला, ज्यात गरज असो नसो पन्नास चाचण्या असतात आणि पायाला मुंग्या येतात का, हे कोणी विचारत नाही.

तुमच्या ऑपरेशनचं आता ठरवू. मला वाटतं, तुमचे सगळे पर्याय अजून वापरून झालेले नाहीत. इंग्लंडमध्ये जीपी पुढे पाठवतो तेव्हा कुठल्या हॉस्पिटलला जायचं हे निवडायचा तुम्हाला कायदेशीर हक्क आहे, आणि त्यात एनएचएसशी करार असलेली खासगी हॉस्पिटलंही येतात. तिथे झालं तरी तुम्हाला पैसे पडत नाहीत. अठरा आठवडे उलटून गेले असतील तर दुसरीकडे लवकर होईल का हे शोधून द्या, अशी मागणी तुम्ही करू शकता. बहुतेक लोक जवळच्या हॉस्पिटलच्या यादीत नाव लावून गप्प बसतात. तीस-चाळीस मैलांवरच्या हॉस्पिटलची यादी कदाचित निम्मी असेल. जीपीच्या कचेरीला लेखी कळवा, दिवाळीतल्या दुखण्याची तारीख आणि सांगलीचा सोनोग्राफीचा रिपोर्ट जोडा. दुखणं वाढलं आहे हे त्यांच्या कागदावर नसेल तर तुमचा क्रम बदलणार कसा? आणि हॉस्पिटलच्या बुकिंग कचेरीला सांगून ठेवा, की कोणाची तारीख ऐनवेळी रद्द झाली तर दोन दिवसांच्या निरोपावर मी येऊ शकते.

एवढं करून महिन्या-दीड महिन्यात काही हललं नाही आणि कळा येतच राहिल्या, तर भारतात येऊन करून घ्यायला माझी हरकत नाही. दुर्बिणीतून पित्ताशय काढणं आपल्याकडे रोजचं झालं आहे, आपले सर्जन त्यात तरबेज आहेत. पुण्यात खोलीच्या वर्गानुसार साधारण पाऊण ते दीड लाख रुपये, तर ब्रिटनमध्ये खासगीत सहा-सात हजार पौंड किंवा त्याहून वर. तुमच्याकडे इथला मेडिक्लेम असला तरी पित्ताशयाच्या खड्यांना बहुतेक पॉलिसींत सुरुवातीची दोन वर्षं संरक्षण नसतं, म्हणून खर्च रोखीतलाच धरा. मात्र ‘आठवड्याची रजा, परवा ऑपरेशन, शनिवारी विमान’ असं करू नका. ऑपरेशननंतर किमान दोन आठवडे इथे राहा. काढलेलं पित्ताशय तपासणीला पाठवलं आहे ना, हे विचारा आणि तो रिपोर्ट, ऑपरेशनची टिपणं, डिस्चार्ज कार्ड असे सगळे कागद घेऊनच परत जा. तिकडे गेल्यावर काही तातडीचं झालं तर एनएचएस नक्की बघेल, पण भारतातल्या ऑपरेशननंतरची नेहमीची फेरतपासणी त्यांनी करावी, हे गृहीत धरू नका.

आता आई.

पत्र मी पुन्हा वाचलं. देशांची तुलना भरपूर आहे, गुडघ्यांबद्दल आहे, एकटेपणाबद्दल आहे. आईंना काय हवं आहे याबद्दल एकही वाक्य नाही. तुम्ही विचारलं नसेल असं मी म्हणत नाही. कदाचित त्यांनी ‘तुमचं बघा, माझं काय’ असं म्हटलं असेल, आपल्या आया असंच म्हणतात. पण पुढचं सगळं त्यांच्या उत्तरावर अवलंबून आहे.

त्यांना कायमचं ब्रिटनला नेता येईल का? आजच्या परिस्थितीत जवळजवळ नाही. २०१२ पासून तिथला नियम असा आहे, की आंघोळ, जेवण, कपडे अशा रोजच्या गोष्टींसाठी त्यांना दीर्घकाळ दुसऱ्याची मदत लागत असली पाहिजे, आणि तुम्ही पैसे पाठवूनही ती मदत भारतात मिळू शकत नाही हे सिद्ध करावं लागतं. सांगलीत स्वयंपाकाला बाई आणि रात्रीची सोबत मिळते, हे त्यांचा अधिकारी लगेच दाखवून देईल. पाहुण्या म्हणून सहा महिने त्या येऊ शकतात, आणि जरूर याव्यात. पण पाहुण्यांना हॉस्पिटलात दाखल केलं तर एनएचएस स्वतःच्या दराच्या दीडपट आकारते. पाचशे पौंडांहून जास्त बिल थकलं तर पुढच्या व्हिसाला अडचण येते. प्रवासविमा घेताना मधुमेह आणि रक्तदाब स्पष्ट लिहा, जास्त हप्ता पडला तरी. लपवलेल्या आजाराचा दावा नामंजूर होतो आणि तेव्हा माणूस परदेशातल्या पलंगावर असतो. हे कॅनडातल्या वाचकांनाही लागू आहे. तिथल्या, आईवडिलांना बोलावायच्या सुपर व्हिसासाठी एक लाख कॅनेडियन डॉलरचा विमा लागतो, पण त्यात जुने आजार धरले आहेत का, हे अनेकजण वाचतच नाहीत.

म्हणजे आईंचे उपचार सांगली-मिरजेतच होणार. आणि माझ्या मते ते वाईट नाही. तुम्हाला गुडघे दिसतात, कारण त्या चालताना दिसतात. मला काळजी साखरेची वाटते. तीन महिन्यांची साखर शेवटची कधी तपासली? डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, लघवीतलं प्रथिन, पायांची संवेदना, हे वर्षातून एकदा होतं का? ब्रिटनमध्ये मधुमेह्याला हे सगळं बोलावून करतात, औषधंही मोफत देतात. सांगलीत बोलावणारं कोणी नाही, तर ते बोलावणं तुम्ही करायचं. फोनवर ‘बरी आहेस ना’ विचारण्याऐवजी रिपोर्टचा फोटो मागा. आणि साखर आटोक्यात आल्याशिवाय कुठलाही चांगला अस्थिरोगतज्ज्ञ गुडघ्याला हात लावणार नाही, म्हणून तसंही तिथूनच सुरुवात आहे.

पैशांची तयारी अशी करा. आई सत्तरच्या झाल्या की उत्पन्न न बघता आयुष्मान भारतचं वयवंदना कार्ड मिळतं, पाच लाखांपर्यंतचं. ही सोय २०२४ पासून आहे. तोपर्यंत महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, ती आता सगळ्या रंगांच्या रेशनकार्डांना लागू आहे. कुठल्या रुग्णालयात कुठलं ऑपरेशन योजनेत बसतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, आधीच जाऊन विचारायचं, दाखल झाल्यावर नाही. खासगी मेडिक्लेम ६८ व्या वर्षीही मिळू शकतो, वयाची जुनी अट २०२४ मध्ये निघाली. पण आधीपासून असलेल्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि सांधे बदलायलाही तसाच कालावधी असतो. म्हणून गुडघ्याचा खर्च विम्यावर धरू नका, तो बाजूला काढून ठेवा.

२०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकाराची तेव्हाची मर्यादा ५४,७२० रुपये आणि वर कर. त्यामुळे सांधा स्वस्त झाला, पण काही ठिकाणी पॅकेज, खोली आणि ‘इतर साहित्य’ या रकान्यांतून तेच पैसे परत वसूल होतात. बिलात सांध्याची किंमत वेगळी मागा, आणि सांध्याच्या खोक्यावरचं कंपनीचं, क्रमांकाचं स्टिकर केस पेपरवर चिकटवलंय का ते स्वतः बघा. दहा वर्षांनी काही झालं तर तोच क्रमांक लागतो.

विमा असला तरी डिस्चार्जच्या दिवशी बसायला माणूस लागतो. सकाळी अकराला डॉक्टर ‘जा घरी’ म्हणतात, बिल तयार व्हायला तीन वाजतात, मग विमा कंपनीची अंतिम मंजुरी. रुग्ण हाताला पट्टी लावून खुर्चीत बसलेला, पलंग दुसऱ्याला दिलेला, आणि नातेवाईक कॅशलेसच्या खिडकीशी सातव्यांदा ‘आलं का’ विचारतोय. हे मी रोज पाहिलं आहे. आपली व्यवस्था रुग्णासोबत एक धडधाकट, शिकलेलं, मोकळा वेळ असलेलं माणूस आहे असं धरूनच चालते. ब्रिटनमध्ये ते काम नर्स आणि वॉर्डची माणसं करतात. तुमच्या आईंकडे ते माणूस नाही, खरी अडचण ती आहे. म्हणून ऑपरेशन तुमच्या रजेला बांधा. पहिले चार-सहा आठवडे तुम्ही आणि दादा वाटून घ्या. दादांनी अमेरिकेच्या दर्जाबद्दल बोलण्यापेक्षा तीन आठवडे सांगलीत काढले तर आईंना जास्त उपयोग होईल, हे तुम्ही त्यांना माझं नाव सांगून ऐकवलंत तरी चालेल. त्यानंतर पगारी सोबत, रोजचा फिजिओथेरपिस्ट आणि गल्लीतला एखादा विश्वासू भाचा-पुतण्या, ज्याच्याकडे कागदपत्रांची प्रत आणि थोडे पैसे असतील.

राहिला पुण्याला परतण्याचा प्रश्न. केवळ आरोग्यसेवेसाठी परत येऊ नका, असं मी स्पष्ट सांगते. सुट्टीत पौंड घेऊन आलेल्या माणसाला जी सेवा दिसते, ती इथे पगारावर राहणाऱ्या, पन्नाशीत मधुमेह निघालेल्या माणसाला तशी दिसत नाही. आणि एक गैरसमज पक्का असतो: इतकी वर्षं कर भरला, पासपोर्ट आहे, म्हणजे आजारी पडलो तर ब्रिटनला जाऊन मोफत उपचार घेऊ. तसं नाही. एनएचएसचा हक्क तिथे राहणाऱ्याला आहे. पुण्यात स्थायिक झालात आणि उपचारापुरते गेलात, तर ब्रिटिश पासपोर्टवरही हॉस्पिटलचं बिल येऊ शकतं. कायमचं राहायला परत गेलात तर मात्र हक्क लगेच सुरू होतो.

आईजवळ राहायचं म्हणून परत येत असाल, तर गोष्ट वेगळी. त्या कारणाला मी कधीच कमी लेखणार नाही. मग ते कारण तसंच म्हणा, नवऱ्याशी तेच बोला, मुलीच्या शाळेचा हिशेब त्यातच धरा. एनएचएसच्या रांगेला पुढे करू नका. आणि निघायच्या दोन-तीन वर्षं आधी, अजून तुम्ही दोघं धडधाकट असताना, इथला मेडिक्लेम सुरू करा, म्हणजे थांबण्याचा काळ तिकडेच संपेल. परदेशात राहणाऱ्यांनाही तो घेता येतो, आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. पित्ताशयाचं ऑपरेशन प्रस्तावात लिहायला विसरू नका, तोपर्यंत ते झालेलं असेल.

या आठवड्यात मात्र दोनच कामं करा. जीपीला ते लेखी पत्र पाठवा. आणि रविवारी आईंना फोन कराल तेव्हा दादांनाही त्याच फोनवर घ्या, गुडघ्याचा विषय बाजूला ठेवा, आणि त्यांना विचारा, की पुढची दहा वर्षं तुला कुठे आणि कशी राहायला आवडेल. त्या ‘तुमचं बघा’ म्हणाल्या तर पुढच्या रविवारी पुन्हा विचारा.